पहिलं बोट

चंदाने नवा गंज पहिल्यांदा पाहिला. लेकीला, मैनाला, कडेवर घेऊन ती शेडच्या दारातच उभी राहिली. माहेरी वरोऱ्याला तिने जिनिंगमधली यंत्रं पाहिली होती, कापसाचे डोंगर पाहिले होते. पण ती यंत्रं दुसऱ्या कुणाची होती. हा गंज घरचा होता. लखलखीत पोलादाचा, शेडच्या आढ्याला टेकायला आलेला, पोटाला वाफेचे नळ, डोक्यावर साखळीने उचलायचं जाड झाकण. त्या झाकणालाही मधोमध एक तोंड होतं, माल टाकायला. नागपूरहून आलेल्या फिटरने त्याचं काहीतरी इंग्रजी नाव सांगितलं होतं. पण इकडे, मूल गावाच्या भागात, मोठ्या भांड्याला गंज म्हणतात, आणि हे शेवटी भांडंच होतं. म्हणून तो मोठा गंज झाला.

"डोये फाडून काय पाहून राह्यली वं?" मागून सासू, बायनाबाई, आली. "तुया अख्ख्या वरोऱ्याचं वरण शिजते यात."

"आई, एवढी घुटी लागते लोकांना?"

"मले काय मालूम," बायनाबाई म्हणाली. तीही गंजाकडेच बघत होती, आणि तिच्याही चेहऱ्यावर तेच होतं जे सुनेच्या होतं. "मी तं एका लेकरासाठी उगाळली होती."

ते लेकरू म्हणजे श्रीहरी, चंदाचा नवरा. तो आता पँट-बुशशर्टात फिटरच्या मागे मागे फिरत नळ ठोकून बघत होता. लहानपणी त्याचं पोट सारखं दुखायचं. बायनाबाईचं माहेर वैनगंगेच्या पलीकडच्या तीरावर, गडचिरोलीच्या जंगलाच्या कडेला. तिथून ती हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, वेखंड असं पदरात बांधून आणायची आणि सहाणेवर उगाळून पोराला चाटवायची. पोरगं हसायला लागलं. मग शेजारणी मागायला लागल्या, आणि एका शिवरात्रीला ती मार्कंड्याच्या जत्रेत बैलगाडीच्या सावलीला घुटी घेऊन बसली. पहिलंच गिऱ्हाईक आलं ते कडेवर किरकिरं पोर घेतलेली एक बाई. ती म्हणाली, "तुया लेकराले पयले दे, मंग मी माह्याले देतो." बायनाबाईने वाटीत बोट बुडवलं आणि श्रीहरीच्या तोंडात घातलं. बाया बघत होत्या. वैनगंगेवर सूर्य कलायच्या आत वाटी रिकामी झाली.

एवढीच सुरुवात. पण त्या एका बोटावर पुढे काय काय उभं राहिलं! भैयाजींनी, म्हणजे चंदाच्या सासऱ्यांनी, राइस मिलमधली नोकरी सोडली. स्वयंपाकघरातली चूल अंगणात आली, अंगणातून परसात, परसातून धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, बांधलेल्या शेडमध्ये. सहाणेच्या जागी काढा आला, कागदाच्या पुडीऐवजी बाटली आली. बाटलीवर चित्र छापलं ते एका बोटाचं आणि लेकराच्या उघड्या तोंडाचं. ज्यांना वाचता येत नाही ते दुकानात म्हणतात, 'बोटवाली घुटी द्या.' चंदाच्या आईनेही ती चंदाला बोटवाली म्हणूनच पाजली होती. ज्या घरची घुटी पिऊन आपण मोठ्या झालो त्याच घरात आपण सून म्हणून येतोय, हे लग्न ठरलं तेव्हा कळलं, आणि ती कितीतरी वेळ नुसती बसून राहिली होती. आता धानोरा-आरमोरीकडून हिरड्याची पोती ट्रकने येत. एकीकडे रायपूर, दुसरीकडे आदिलाबाद, इथपर्यंत बोट पोहोचलं होतं.

आणि रीत तीच होती. नवा माल तयार झाला की घरातल्या सगळ्यात धाकट्या लेकराला पहिलं बोट. लेकराची आई पाटावर बसायची, बायनाबाई वाटी घेऊन समोर यायची आणि विचारायची, "देऊ का वं?" आई म्हणायची, "द्या." मग फाटक उघडायचं आणि माल बाहेर पडायचा. श्रीहरीनंतर त्याच्या बहिणी झाल्या, मग बहिणींची मुलं. या वर्षी मैना. चंदा दोनदा पाटावर बसली होती, दोनदा 'द्या' म्हणाली होती, आणि मैनाने दोन्ही वेळा बोट असं चोखलं होतं की सगळे हसले होते.

एरवी चंदाला प्रत्येक गोष्टीची धास्ती. वाटी-चमचा ती दोनदा उकळायची. मैना शांत झोपली की श्वास चाललाय ना बघायला तिच्या नाकाखाली बोट धरायची, आणि त्याने मैना जागी व्हायची. भैयाजी सकाळी चहा घेताना विचारत, "काय सूनबाई, आज कायची भीती आहे?" चंदाही हसायची. चंद्रपूरच्या कॉलेजात बी. एस्सी. झालेली मुलगी मांजर खोकलं तरी दचकते, ही घरातली थट्टाच होती.

पण घुटीची भीती तिला कधी वाटली नव्हती. ती तर घरचीच.

माघात मोठ्या गंजाची पूजा झाली. बायनाबाई नवं लुगडं नेसून शिडीवर चढली. खाली घरचे, कामावरच्या बाया, फिटर, सगळे डोकं वर करून बघत होते. तिने नारळ फोडला, पाणी शिंपडलं, हळद-कुंकू वाहिलं. मग तेलात कालवलेला शेंदूर घेतला आणि झाकणाच्या तोंडाभोवती जाड लेप दिला. आजवरच्या प्रत्येक चुलीला, प्रत्येक खलाला तिने असाच शेंदूर लावला होता. पण चूल खालून पेटते, आणि खलाला ती बाहेरून लावायची. या गंजाचं तोंड वर होतं, आणि देवाला वाहायचं ते तोंडाशीच वाहायचं, हे तिला न सांगता कळत होतं.

"खाऊन घे रे बाप्पा," ती गंजाला म्हणाली. "आणि लेकराईले दे."

सगळ्यांनी हात जोडले. चंदाने मैनाचं कपाळ त्या थंडगार पोलादाला टेकवलं. तिच्या अंगावर काटा आला होता. एका बाईच्या बोटातून एवढं मोठं काही उभं राहू शकतं, आणि तरीही ती बाई त्याच्यापुढे हात जोडते, हे बघून तिचं काळीज भरून आलं.

मग वाफ सोडली. शेडभर वेखंड-सुंठीचा वास भरला आणि बाहेर रस्त्यापर्यंत गेला. चांदाफोर्टची छोटी रेल्वेगाडी जाताना प्रवासी खिडकीतून डोकी काढून हुंगत, असं मुखरू सांगायचा. मुखरू पहिल्या भट्टीपासून इथला. तो बोलतो त्यातलं अर्धं सोडून द्यायचं असतं, पण हे खरं असावं.

माल शिजून निवला त्या सकाळी श्रीहरी तिला हात धरून शिडीवर घेऊन गेला. "ये, पाह्य तं खरं!" साखळी करकरत वर गेली, झाकण बाजूला कललं. आत तपकिरी, गुळगुळीत, हलता न हलता असा काढा होता. मार्कंड्याला खडकांमधला डोह दिसतो, तसा. श्रीहरी काही बोलत होता, कुठल्या गावाला किती जाणार ते. चंदा ऐकत नव्हती. तिचं सगळं लक्ष त्या डोहात होतं.

दुपारी मैनाला भात भरवताना तिचा हात थांबला.

डोह नव्हे, झाकण तिच्या डोळ्यांपुढे आलं होतं. कललेलं, पाण्याने निथळणारं. तोंडाभोवतीचा शेंदूर. बाहेरच्या बाजूला तो होता तसा होता. आतल्या बाजूला मात्र केशरी ओघळ तोंडाकडे गेलेले, आणि काठ चाटून-पुसून स्वच्छ. तेलात कालवलेला शेंदूर, खाली उकळता माल, वर तापलेलं लोखंड.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका बाटलीत रसायनशास्त्राच्या सरांनी केशरी भुकटी ठेवली होती. सर म्हणाले होते, घरी मारुतीला लावता तोच हा, यात शिसं असतं, हात धुऊन मग डबा खा.

भरवता हात तसाच ठेवून, मैनाला उचलून ती शेडकडे धावली. झाकण परत गंजावर बसलं होतं आणि आरशासारखं चमकत होतं. पाहुणे येणार म्हणून बायांनी राख-चिंचेने घासलं होतं.

"काय झालं, बाई?" मुखरूने विचारलं.

"काही नाही," चंदा म्हणाली.

पुढचे दिवस तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. बाया रांगेने बसून बाटल्या भरत होत्या, गाणी म्हणत होत्या. खोकी शेडच्या भिंतीएवढी चढत होती. ती येऊन बघायची आणि परत जायची. आपण खरंच पाहिलं का? की मांजर खोकल्यासारखंच हेही? श्रीहरीला तिने सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग चिडला.

"एवढासा शेंदूर, आणि गंज केवढा! हत्तीच्या अंगावर डास बसला तं हत्ती मरते का?"

"पण लेकरू हत्ती नसतं ना."

"चंदा, तो मायनं लावला. तिच्या हातानं. जाऊन तिले सांगशील, का तुया हाताचा शेंदूर विष आहे म्हणून? सांग."

 सासूला तसं सांगायची तिची छाती नव्हती. आणि तिला खात्री तरी कुठे होती!

शिवरात्रीच्या आधी माल निघायचा तो दिवस आला. फाटकाला झेंडूच्या माळा, बाहेर मेटाडोर आणि ट्रक ओळीने, अंगणात मांडव. नागपूरचे, रायपूरचे, आदिलाबादचे व्यापारी खुर्च्यांवर. कामावरच्या बाया नव्या लुगड्यांत. इतकी माणसं एका वाटीसाठी जमलेली चंदाने कधी पाहिली नव्हती. तिला पाटावर बसवलं, मांडीवर मैना. मैनाला नुकताच सूर सापडला होता. दिवसभर ती 'आ-बा, आ-बा' करत बसायची, आणि आत्ताही एवढ्या माणसांना बघून तिने तेच सुरू केलं.

बायनाबाई वाटी घेऊन आली. गर्दी पुढे सरकली. तिने करंगळीशेजारचं बोट बुडवलं आणि नेहमीसारखं विचारलं, "देऊ का वं?"

 मैनाने बोट ओळखलं होतं. ती तोंड उघडून पुढे झेपावली.

"नको," चंदा म्हणाली.

कुणीतरी हसलं. एक बाई म्हणाली, "लाजली!" भैयाजी खुर्चीतून पुढे झाले. "सूनबाई, लोकं थांबून राह्यले."

"नको, आई." आता आवाज मोठा आला, तिचा तिलाच परका वाटला. तिने मैनाचं तोंड आपल्या छातीशी वळवलं. "नका देऊ."

श्रीहरी खाली वाकला. "इथी नको, चंदा. इथी नको."

बायनाबाईचं बोट तसंच हवेत होतं. त्याच्या टोकाशी तपकिरी थेंब जमला आणि धुळीत पडला. "काऊन?" ती म्हणाली. रागाने नाही. ती खरंच विचारत होती.

चंदाने तिला जवळ ओढलं आणि कानात सांगितलं. झाकण, ओघळ, पुसलेला काठ, शिसं. सांगताना ती रडत होती, आणि रडता रडता हेही म्हणाली की मला नक्की नाही, मला तर सगळ्याचीच भीती वाटते, तुम्हाला माहीत आहे.

बायनाबाई सरळ झाली. "मुखरू, झाकण घासाच्या आधी शेंदूर कसा होता गा?"

मुखरूने डोकं खाजवलं. "होता का नव्हता, बाई… बायांनी राख लावली, सगळंच गेलं. खोटं काऊन बोलू?"

पहिल्यांदाच त्याने काही वाढवून सांगितलं नाही.  बायनाबाई कुणाला उद्देशून नाही अशी बोलली, पण मांडव इतका शांत होता की सगळ्यांना ऐकू गेलं.

"माह्या माहेरी दंडार व्हायची, रातभर नाच-गाणं. कोलू नावाचा गाणारा होता. पहाटंलोक गायचा, बाया चूल इसरून ऐकायच्या. कोणंतरी जळून त्याले पानातून शेंदूर घातला, असं म्हणत. मंग तो कधी गायला नाई. बोलायचा बी नाई धड. मी लहान होतो. पाण्यावर आला का नुसता हात हालवायचा." तिने मैनाकडे पाहिलं. मैना आईच्या खांद्यावरून तिच्याकडे बघत 'आ-बा' करत होती. "शेंदूर देवाच्या अंगावर असते. पोटात कोणाच्या जात नाई. हे मले मालूम होतं. तरी म्या तोंडालेच लावला."

"माय, अवं एवढ्याशानं काही होत नाई," श्रीहरी म्हणाला. "आणि हिले तं रोजच—"

"हिले रोज भीती वाटते, म्हणूनच आपण लेकराच्या मायले विचारतो ना? का तुले विचारावं?"

मागे बायांत खसखस पिकली आणि लगेच विझली.

भैयाजी शहाणे माणूस. ते हळू आवाजात म्हणाले, "एक बाटली नागपूरले पाठवू. तपासून सांगतील. मंग ठरवू."

"पाठवा. ते सांगतील, थोडा आहे का बम आहे." बायनाबाईने वाटी पाटाशेजारी उपडी केली. "माह्या नातीले मी थोडाबी देत नाई. मंग दुसऱ्याच्या लेकराले कोणत्या तोंडानं देऊ?"

वाक्य संपलं आणि ती फाटकाकडे नव्हे, खोक्यांकडे चालायला लागली. चंदाला आधी कळलंच नाही ती काय करतेय. बायनाबाईने वरचं खोकं ओढलं, बाटली काढली, बूच फिरवलं.

"नाल्यात नका ओतू. ढोरं पाणी पेतात. मुखरू, मागं खड्डा खंदा. खोल."

मग चंदाने जे पाहिलं ते आयुष्यभर तिच्या डोळ्यांपुढून हललं नाही. भिंतीएवढी खोकी. ज्या बायांनी गाणी म्हणत बाटल्या भरल्या होत्या, त्याच बाया नव्या लुगड्यांचे ओचे खोचून खड्ड्याच्या कडेला बसल्या आणि एकेक बाटली रिकामी करू लागल्या.  नुसता गळगळ आवाज, आणि सुंठीचा, वेखंडाचा वास, इतका की डोळे चुरचुरावेत. आदिलाबादचा व्यापारी उठून गेला. जाताना मोठ्याने काही तेलुगूत बोलला, आणि तो परत कधी आला नाही. नागपूरवाल्याने भैयाजींना बाजूला घेऊन बराच वेळ हात नाचवले. भैयाजी मान हलवत राहिले. श्रीहरी मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. चेहरा उतरलेला. मग त्याने बाह्या दुमडल्या, एक खोकं उचललं, आणि बायांच्या रांगेत जाऊन बसला.

रायपूरचा शेठ मात्र खुर्चीतून हलला नव्हता. म्हातारा माणूस, धोतर, टोपी. बायनाबाई त्याच्याजवळून जाताना त्याने विचारलं, "बाई, मैं दुकान में क्या बोलूँ? माल काहे नहीं आया?"

बायनाबाईने कमरेवर हात ठेवून जराशी पाठ सरळ केली. तिचे दोन्ही तळहात तपकिरी झाले होते. "बोलो के लेकराच्या मायनं नाई म्हटलं."

शेठ विचारात पडला. "बस, इतना?"

"इतनाच."

त्याने मान डोलावली, एकदा, मग आणखी एकदा, जणू दुकानात उभं राहून तो ते वाक्य कुणालातरी म्हणून बघत होता. "और मेले में?"

"जत्रेत मी रिकामीच जातो. दरसालच्या बाया येतील, वाट पाहतील. त्याईले तोंडानं सांगतो."

दुपार कलली तेव्हा खड्डा भरत आला होता. आता गंजात उरलेला माल काढायचा होता. खालचा नळ सोडला, आणि तो तपकिरी डोह पन्हाळीतून संथपणे निघाला, कितीतरी वेळ निघतच राहिला. चंदा पाटावरून उठून शेडच्या दारात आली होती.  या घरात ती येण्याआधी जे सगळं उभं राहिलं, बांधीतली शेड, ट्रक, दूरदूरच्या गावांतली दुकानं, अनोळखी लेकरांची उघडी तोंडं, ते सगळं तिच्या एका शब्दापाशी येऊन थांबलं होतं. तो शब्द तिला कालपर्यंत उच्चारताही येत नव्हता. इतकी वर्षं 'देऊ का' विचारत होते, ते खरंच विचारत होते. तिला वाटलं होतं, ती नुसती रीत आहे.

गंज रिकामा झाला. मुखरूने साखळी ओढून झाकण उचललं. मग तो आणि बाया तसेच उभे राहिले.

"काय झालं?" बायनाबाईने विचारलं.

"गंज धुवाचा कशानं?" मुखरू म्हणाला. पण तो तिच्याकडे बघत नव्हता. तो चंदाकडे बघत होता. बायाही. श्रीहरीही, बाह्या दुमडलेल्या, कोपरापर्यंत भिजलेला.

चंदाने मैनाला सासूच्या हातात दिलं. पदर खोचला आणि शिडीवर चढली. वरून आत वाकली तर पोलादाचा तळ खूप खोल, ओला, चमकता. काठाला आतून बोट फिरवलं, बोट उजेडात धरून पाहिलं. काही दिसलं नाही. ती पुन्हा वाकली. दुसऱ्या बाजूने, आणखी खोल.

खाली मैना तिला वर बघून ओरडली, "आ-बा!" आणि रिकाम्या गंजाने ते ओरडणं घेतलं, मोठं केलं, शेडभर फिरवलं. मैना दचकली, गप्प झाली, मग पुन्हा ओरडली.

"सोडा घ्या," चंदा वरून म्हणाली. "गरम पाणी घ्या, भरपूर. आणि मी बघेपर्यंत झाकण लावू नका."

"होय, बाई," मुखरू म्हणाला आणि पाण्याला गेला.